तीस ईसी म्हणजे किती क्रेडिट? ग्रोनिंगनच्या एका सत्राचा हिशेब

प्रकरण असं. पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणारी विद्यार्थिनी पाचव्या सत्रासाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला गेली. तिथे ३० ईसींचे (ईसी म्हणजे युरोपातलं क्रेडिट) सहा विषय घेतले, पाचांत पास झाली, एकात एका प्रश्नाने राहिली. परत आल्यावर पाचव्या सत्राच्या २२ क्रेडिटांपैकी ६ कमी भरली. मुलगी हुशार, तिकडचं विद्यापीठ नावाजलेलं, कॉलेजचीही मनापासून इच्छा. तरी घोळ झाला, कारण सगळ्यांचा जीव व्हिसा, खोली आणि विमानाच्या तिकिटात अडकला आणि क्रेडिटच्या रूपांतराबद्दलचा एक परिच्छेद लिहून घ्यायचा राहून गेला. (ही विद्यार्थिनी प्रातिनिधिक आहे. अशा सत्रांत जे पुन्हा पुन्हा होतं ते एकाच खात्यावर मांडलं आहे.)

ग्रोनिंगन निवडण्यामागे भावनेपेक्षा सोय होती. जर्मनीत मानसशास्त्राची पदवी बहुतेक ठिकाणी जर्मनमध्ये शिकवतात. नेदरलँड्समध्ये ती इंग्रजीतही मिळते, आणि करार असेल तर देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्याला तिकडची फी भरावी लागत नाही, फक्त आपल्या कॉलेजची भरायची. शिवाय विषयाच्या दृष्टीने गाव जुनं आहे. विद्यापीठ १६१४ चं, आणि देशातली पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा खेरार्ड हेमान्सने १८९२ मध्ये इथेच काढली. शहर एवढंसं, सायकलवर कुठूनही कुठे वीस मिनिटांत. स्खिपोल विमानतळावरून आगगाडीने दोन-सव्वादोन तास.

जाण्याआधीचे कागद

सप्टेंबरच्या सत्राची तयारी आदल्या नोव्हेंबरात सुरू झाली. कॉलेजची निवड फेब्रुवारीत, मार्चमध्ये कॉलेजने नाव पाठवलं, एप्रिलमध्ये तिने स्वतः अर्ज भरला, मे महिन्यात खोलीसाठी नोंदणी केली, जूनमध्ये व्हिसाची प्रक्रिया. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्याने शेंगेन व्हिसा चालत नाही, ‘एमव्हीव्ही’, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा डच प्रवेश-व्हिसा, लागतो. त्याचा अर्ज विद्यार्थी करत नाही. तिकडचं विद्यापीठच प्रायोजक म्हणून डच इमिग्रेशन खात्याकडे करतं. खात्याचा होकार आला की मुंबईत जाऊन पासपोर्टवर स्टिकर लावून घ्यायचा. हा भाग ऐकायला भीतीदायक आणि प्रत्यक्षात सगळ्यात सरळ.

खरा त्रास नावाने दिला. बारावीच्या आणि कॉलेजच्या मार्कशीटवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि ‘दिलेलं नाव’ म्हणून स्वतःचं आणि वडिलांचं एकत्र. अर्ज भरताना तिने मार्कशीट समोर ठेवली, त्यामुळे तिकडच्या नोंदीत आडनाव पहिलं नाव झालं आणि वडिलांचं नाव आडनाव. ईमेल पत्ता, ओळखपत्र, शेवटचं ट्रान्सक्रिप्ट, सगळं त्याच उलट्या नावाने आलं. अर्जात पासपोर्टच डोळ्यांपुढे ठेवावा, दुसरा कुठलाही कागद नाही.

जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का) करून घ्यावं. त्याचा क्रम ठरलेला आहे: दाखला इंग्रजीत किंवा द्विभाषिक, त्यावर मंत्रालयातला राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. अनेकांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. आधी महापालिकेत नाव चढवायचं, मग पुढचं. यात महिना जातो. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला पोचल्यापासून पाच दिवसांत तिकडच्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, तिथे हा दाखला मागू शकतात. याच नोंदणीतून नागरी क्रमांक मिळतो आणि त्यावर बँक खातं वगैरे. म्हणून ‘खोली आहे, पण पत्ता नोंदवता येणार नाही’ असं सांगणारा घरमालक कितीही स्वस्त असला तरी नको. भारतीय पासपोर्टवाल्यांना क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते, छातीचा एक्स-रे, पाच मिनिटांचं काम.

पैशांचं कोष्टक लवकर उरकू. महिन्याला खोली ५५० युरो, खाणं २२०, विमा आणि फोन ७०, किरकोळ १५०. म्हणजे हजाराच्या आत-बाहेर. जुनी सायकल १४० युरो, कुलपं दोन (एक चाकाचं, एक साखळीचं), पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. नोकरी न करणाऱ्या विद्यार्थ्याला खासगी विद्यार्थी विमा पुरतो. पण आठवड्यातले चार तास जरी पगारावर काम धरलं तरी डच मूलभूत आरोग्य विमा सक्तीचा होतो, आणि त्याचा हप्ता महिन्याला शंभर युरोंच्या बराच वर. पाच महिन्यांसाठी कॅफेतली नोकरी त्यामुळे फारशी परवडत नाही. आणि कुकर न्यायचा तर तळ इंडक्शनचा आहे का ते बघून. घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिकडच्या शेगडीला ओळखच देत नाही. फोडणी खिडकी उघडून, नाहीतर छतावरचा धूरसूचक सगळी इमारत खाली उतरवतो.

करारातला मोकळा रकाना

देवाणघेवाणीचा कणा म्हणजे ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इकडे काय माफ होणार, याचा तिघांच्या सह्यांचा कागद: विद्यार्थी, घरचं कॉलेज, तिकडचं विद्यापीठ. हिच्या कागदावर डावीकडे सहा डच विषय, प्रत्येकी ५ ईसी, एकूण ३०. उजवीकडे ‘सेमिस्टर ५ – समकक्ष’. बस. शिक्के सुंदर होते.

आता हिशेब बघा. युरोपात पूर्ण वेळ सत्र म्हणजे ३० ईसी. नेदरलँड्समध्ये १ ईसी म्हणजे २८ तासांचा अभ्यास, तासिका आणि घरचं वाचन धरून. म्हणजे एक विषय १४० तासांचा, सत्र ८४० तासांचं. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तास, वर्षाला ४०, सत्राला २०. हिच्या कॉलेजात मात्र सत्र २२ क्रेडिटचं. यातून रूपांतराच्या तीन वाटा निघतात, आणि तिन्हींचं समर्थन करता येतं.

पहिली वाट तासांची: ८४० भागिले ३०, म्हणजे २८ क्रेडिट. दुसरी वर्षाच्या प्रमाणाची: ६० ला ४०, म्हणजे ३० ईसीला २०. तिसरी ‘सत्राला सत्र’: ३० ईसी म्हणजे तिकडचं पूर्ण सत्र, तर इकडचं पूर्ण सत्र, २२. आमच्या मते तिसरी सगळ्यात न्याय्य आहे, कारण विद्यार्थ्याने एक सत्र दिलं आणि एक सत्र मिळवलं. तासांच्या वाटेवर विद्यार्थ्याचा फायदा होतो, पण अभ्यास मंडळातला कोणीतरी हमखास म्हणतो की घरी बसून वाचलेलं कशाला मोजायचं. कोणतीही वाट धरा, पण निघायच्या आधी अभ्यास मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. विभागप्रमुखांनी फोनवर दिलेला शब्द सत्र संपेपर्यंत टिकत नाही, कारण तोवर विभागप्रमुखच बदललेले असतात.

मानसशास्त्राला आणखी एक शेपूट आहे, ते म्हणजे प्रॅक्टिकल. इकडे पाचव्या सत्रात प्रयोग, जर्नल, एक्स्टर्नलसमोर व्हायवा. तिकडे प्रयोगशाळेचं काम विषयांतच विरघळलेलं असतं, ‘प्रॅक्टिकल’ नावाचा वेगळा पेपर नाही. त्यामुळे प्रॅक्टिकलच्या २ क्रेडिटना तिकडे जोडीदारच सापडत नाही. आणि ज्यांना क्लिनिकलला जायचं आहे त्यांनी हेही धरून चालावं की सत्राभरासाठी आलेल्या, डच न येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी रुग्णासमोर बसवत नाही. भारतातल्या पुनर्वास परिषदेच्या नोंदणीसाठीही असं सत्र उपयोगाचं नाही. ती वाट परिषदेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमातूनच जाते.

तिकडे काय झालं

सत्राचे दोन टप्पे, साधारण दहा-दहा आठवड्यांचे, प्रत्येकात तीन विषय. वेळापत्रक बघून ती खूश झाली: आठवड्याला जेमतेम नऊ तासिका! पण तीन विषयांचे ४२० तास दहा आठवड्यांत वाटले की आठवड्याला ४२ होतात. उरलेले ३३ तास कोणी मोजत नाही, परीक्षा मोजते. पहिला टप्पा जेमतेम निभला. दुसऱ्यात संख्याशास्त्र होतं.

इथे तिचं घोडं का पेंड खात होतं ते नीट बघण्यासारखं आहे. पुण्यात ती संख्याशास्त्रात चांगली होती, म्हणजे टी आणि काय-वर्गाची मूल्यं हाताने न चुकता काढायची. तिकडे गणित संगणक करतो, ‘आर’ किंवा ‘जास्प’ (हे दुसरं अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात तयार झालेलं, फुकट). विचारतात ते अर्थ. पहिल्याच आठवड्यातला सरावाचा प्रश्न: पी ०.०३ आली, याचा अर्थ काय? तिने खूण केली, ‘शून्य परिकल्पना (म्हणजे परिणाम किंवा फरक नाहीच, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’. चूक. शून्य परिकल्पना खरी आहे असं धरलं, तर एवढा किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के. पहिलं वाक्य परिकल्पनेबद्दल बोलतं, दुसरं आकड्यांबद्दल. आपल्याकडच्या कितीतरी नोट्समध्ये पहिलंच वाक्य अधोरेखित असतं. हा फरक तिकडे कर्मकांड नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल लक्षणीय होते, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांचे. त्यानंतर तिकडच्या वर्गांत पी-मूल्याकडे संशयाने बघायलाच शिकवतात.

परीक्षा आलेटा याकोब्स यांच्या नावाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये, संगणकावर. (डच विद्यापीठातून शिक्षण पूर्ण करणारी ही पहिली स्त्री, ग्रोनिंगनचीच विद्यार्थिनी.) ४० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. तिचे २४ बरोबर आले. साठ टक्के, पुण्यात फर्स्ट क्लास. तिकडे नापास. कारण चार पर्यायांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी १० बरोबर येतात, म्हणून मोजणी १० पासून सुरू होते. १० ला १ गुण, ४० ला १०, मधलं सरळ रेषेत. २४ साठी: १४ भागिले ३०, गुणिले ९, अधिक १, म्हणजे ५.२. पास ५.५ ला, म्हणजे २५ बरोबर लागतात. ही अंदाजाची वजावट विषयागणिक थोडी वेगळी असते, पण असतेच, आणि ती विषयपुस्तिकेत छापलेली असते. तिने ती परीक्षेनंतर वाचली. चुकीला उणे गुण नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. तिने सवयीने तीन सोडले होते.

फेरपरीक्षा होती, पण वसंतात. तोवर ती पुण्यात, आणि त्या परीक्षेसाठी पुन्हा विमानाचं तिकीट काढणं घरच्यांना शक्य नव्हतं. जड विषय पहिल्या टप्प्यात घ्यावा असं आम्ही सांगतो ते यासाठी. फेरपरीक्षेची तारीख आपण तिथे असताना येण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

दुसरा अडथळा तिने स्वतः ओढवून घेतला होता, पण वेळेत सुटला. सांस्कृतिक मानसशास्त्राच्या वर्गात मुद्दा निघाला की या शास्त्राचे ९६ टक्के नमुने जगातल्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून येतात. तिला वाटलं, आपणच मराठी लोकांचा नमुना गोळा करू. एका रात्रीत गूगल फॉर्म, त्यात नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावली, दुवा घरच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर. दुसऱ्या दिवशी कौतुकाने गटशिक्षिकेला दाखवला. तिने एकच विचारलं: नवव्या प्रश्नाला कोणी ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर तू आज रात्री काय करणार आहेस? नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. फॉर्मवर नाव नाही, फोन नाही, मदतीचा क्रमांक नाही, वय विचारलेलं नाही. वर, युरोपच्या विदा-संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती विशेष वर्गात मोडते आणि त्यासाठी स्पष्ट संमती लागते. दुवा त्याच तासाला बंद झाला, आलेली उत्तरं पुसली. नैतिक समितीची मान्यता आठवड्यांत मिळते, रात्रीत नाही. एका सत्रात स्वतःचं संशोधन बसवायचं तर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकावा, नाहीतर कोणाच्या तरी मान्यता मिळालेल्या प्रकल्पात हात घालावा. दुसरं जास्त शहाणपणाचं.

मन रमण्याबद्दल पुस्तकात ‘यू’ आकार असतो: आधी हनिमून, मग खड्डा, मग वर. लिसगार्डने १९५५ मध्ये मांडलेला. ती पहिल्या महिन्यात मजेची वाट बघत बसली आणि ती येईना, तेव्हा आपल्यातच काहीतरी बिघाड आहे असं तिला वाटू लागलं. न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांवरच्या कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला होता. हे तिला आधी माहीत असतं तर सप्टेंबर सोपा गेला असता. दुसरी घसरण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेल्यावर. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं, आणि आई-बाबांच्या जेवणाआधीचा फोन तिच्या तासिकेत येऊ लागला. डिसेंबरात साडेचारला अंधार, सकाळी पावणेनऊला उजेड. उपाय साधेच निघाले: फोनची वेळ बदलून शनिवार-रविवारवर नेली, आणि दुपारी बाराला अर्धा तास सायकल, पाऊस असला तरी. विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाची वेळ नोव्हेंबरात मागितली तर वाट बघावी लागते. गरज वाटते आहे एवढ्यावरच, सप्टेंबरात मागावी.

परत आल्यावर

रूपांतराचा प्रश्न तिने पहिल्यांदा डिसेंबरात विचारला. कॉलेजातून उत्तर आलं, प्रमाणाची वाट: ३० ला २०. तेव्हाच दिसत होतं की सहाही विषय सुटले तरी २० आणि प्रॅक्टिकलचे २ मिळून बरोबर २२. एक विषय गेला की सगळं कोसळणार. समन्वयक प्राध्यापिकेने एक गोष्ट अचूक केली. जानेवारीतच तिला ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार क्रेडिटच्या, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घालायला लावलं, ग्रोनिंगनच्या खोलीतून. यूजीसीच्या नियमांनी सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे घेता येतात.

फेब्रुवारीत संख्याशास्त्राचा निकाल आला. २५ ईसी. तासांच्या वाटेने ते ७०० तास, २३ क्रेडिट, प्रश्नच मिटला असता. सत्राला सत्र धरलं असतं तर १८. प्रमाणाच्या वाटेने १६.६७. आता ही पूर्णांकात आणायची कशी? परीक्षा विभागाने आधी विषयागणिक केली: ५ ईसीचे ३.३३, म्हणून ३. पाच त्रिक पंधरा. पंधरा, स्वयम् चार, प्रॅक्टिकल दोन: एकवीस. एका क्रेडिटसाठी वर्ष अडकायची वेळ आली. बेरीज आधी आणि पूर्णांक नंतर केला तर अपूर्णांक सोडूनही १६ होतात आणि २२ भरतात, हे पटवायला दोन बैठका गेल्या. पटलं.

गुणांचं काय करायचं यावर तिसरी बैठक. तिचे गुण ६.५ ते ८ च्या दरम्यान. डच वर्गात ८ म्हणजे उत्तम, ९ विरळा, १० जवळपास कोणालाच नाही. हे आकडे आपल्या दहाच्या श्रेणीत जसेच्या तसे टाकले तर ‘बी प्लस’च्या आसपास पडतात आणि साडेआठचा सीजीपीए घसरतो. गुण न धरता फक्त क्रेडिट धरावीत, असं ठरलं. हेसुद्धा जाण्याआधीच लिहून घ्यायचं कलम.

दरम्यान सहावं सत्र डिसेंबराच्या मध्यालाच सुरू झालं होतं. ती ३ फेब्रुवारीला वर्गात आली तेव्हा सुमारे ३६ दिवस बुडाले होते, आणि ७५ टक्क्यांच्या नियमात ९० पैकी २२ च बुडवता येतात. ते दिवस कॉलेजच्या कामावर असल्याचं प्राचार्यांचं पत्र ऑगस्टमध्येच घेऊन ठेवलेलं होतं. सगळ्या फायलीत वेळेवर झालेला कागद हा एकच. ट्रान्सक्रिप्टवरचं उलटं नाव सुधारून यायला मात्र तीन आठवडे लागले, तोवर क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात त्या खात्यात, नोंद होईना.

राहिलं प्रॅक्टिकल. एप्रिलमध्ये कनिष्ठ वर्गाबरोबर बसून तिने प्रयोग पुरे केले, त्यात म्युलर-लायर भ्रमही होता, बाणांच्या टोकांमुळे सारख्या रेषा लहान-मोठ्या दिसण्याचा. जर्नलमध्ये ‘चर्चा’ या शीर्षकाखाली बहुतेकांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं एकच वाक्य असतं. हिने दीड पान लिहिलं: सेगॉल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी १९६६ मध्ये दाखवलं होतं की हा भ्रम सगळ्या समाजांत सारखा होत नाही, आणि आपल्या वर्गातल्या वीस जणांवरून ‘मानवी डोळ्यां’बद्दल का बोलता येत नाही. एक्स्टर्नलने व्हायवात तेवढंच विचारलं.